प्रतिसाद: नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही?

वर कुणीतरी लिहिलंय की सांगलीत मारुती रोडवर कपडे घेताना 'मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही' असं सांगितलं गेलं. असा कोणताही नियम नाही. जीएसटीच्या बिलावर साध्या ग्राहकाचं नाव-पत्ताही ५०,००० रुपयांच्या आतल्या खरेदीला सक्तीचं नाही. मोबाइल नंबर तर कुठेच नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही दुकानदारांना नंबरचा आग्रह धरू नका असं बजावलं होतं.

मग अडतं कुठे? बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना सक्तीचा करून ठेवलेला असतो. काउंटरवरच्या पोराशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. "दुकानाचाच नंबर टाक आणि कागदी बिल दे" एवढंच म्हणा, बहुतेक वेळा काम होतं. अडलंच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आपल्या माहितीची खरी गळती मात्र दिवाळीच्या लकी ड्रॉ कुपनात आहे. नंबर, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, सगळं आपणच स्वतःच्या अक्षरात लिहून देतो, वर 'ऑफर कळवा' या खुणेसकट. ती खूण म्हणजे तुमची संमती. ती आधी खोडा.

यूपीआयचंही बघा. आयडी मोबाइल नंबरचाच असेल तर तो दुकानदाराला दिसू शकतो. ॲपच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आयडी करून घ्या.

मेडिकलचं थोडं वेगळं. एच-१ गटातल्या (काही अँटिबायोटिक, क्षयरोगाची, सवय लागणारी) औषधांना डॉक्टर आणि रुग्णाचं नाव वहीत लिहावंच लागतं, तिथे नाव द्या. नंबर तिथेही लागत नाही.