डोळे मिटले की ठोकळे पडायला लागतात, हे नॉर्मल आहे का?

मेडिकलवाला_धंतोली:
नमस्कार मंडळी. मी नागपुरात धंतोलीत एका मेडिकलवर काउंटरला असतो. दुपारी गिऱ्हाईक नसते, मे महिन्यात तर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तर टाईमपास म्हणून मोबाईलवर ते ठोकळे बसवायचं गेम टाकलं, वरून वेगवेगळ्या आकाराचे ठोकळे येतात अन् ओळ भरली की गायब होते, तुम्ही खेळलंच असेल. आधी फक्त दुपारी खेळायचो, मग जेवण झाल्यावर, मग अंथरुणात पडल्यापडल्या. आता असं होऊन राहिलं की डोळे मिटले की ठोकळे पडायला लागतात. आपोआप. मी काही आठवत नाही की काही नाही, ते पडतात अन् मी मनातल्या मनात फिरवत बसतो. दुकानातही तेच, स्टॉकिस्टचा माल आला अन् खोके रॅकवर लावायला घेतले की कफ सिरपचा उभा खोका पाहून वाटते हा आडवा टाकला तर त्या अँटासिडच्या बाजूची फट बरोबर भरते. परवा खरंच भरली, तर मी तिथेच उभा राहून ओळ गायब व्हायची वाट पाहिली ना बाप्पा!
रात्री कूलर चालू असते, त्याच्या घरघरीत मले गेमचा तो टिंग आवाज ऐकू येते. बायकोले विचारलं तुले येते का, तर ती म्हणे पहिले तो मोबाईल बाहेर ठेवा. हसू नका, सिरियसली विचारून राहिलो. हे डोक्याचं काही सुरू झालं का?

पोट्टा_महालचा:
भाऊ फक्त गिऱ्हाईकाच्या गोळ्या आडव्या-उभ्या फिट करून नको देऊ म्हणजे झालं 😂 पण मजाक बाजूला, मलेही होते हे. रात्री दोन वाजेपर्यंत कार रेसिंग खेळलो अन् सकाळी वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर गाडी घातली की दोन ट्रकच्या मधली फट दिसते अन् मनात येते, इथून निघते बे. काढत नाही मी, आई शप्पथ, पण मनात येते ना, अन् ते येणंच डेंजर वाटते.

सायकोलॉजी_एमए:
दादा, आधी घाबरणं बंद करा. तुमच्यासोबत जे होतंय त्याला नावसुद्धा आहे, टेट्रिस इफेक्ट. टेट्रिस म्हणजे तुमच्या गेमचा मूळ पुरुष, मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये बनवला. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी त्यावर केलेला प्रयोग २००० साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. २७ जणांना तीन दिवसांत मिळून सात तास टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागताना काय दिसतं ते विचारलं. १७ जण म्हणाले की ठोकळे पडताना दिसतात, म्हणजे तुम्ही बहुमतात आहात.
आता खरी गंमत ऐका. त्या २७ मध्ये पाच जण असे होते ज्यांच्या मेंदूला इजा झालेली आणि नवीन काही लक्षातच राहत नव्हतं. आपण काल हा गेम खेळलो हेही त्यांना आठवत नसे, रोज नव्याने समजावून सांगावं लागायचं. तरीही त्यातल्या तिघांना झोपताना तेच आकार दिसले, फक्त हे कशाचे आहेत ते सांगता येईना! म्हणजे ‘मी काल खेळलो’ ही आठवण ज्या भागात साठते तो भाग बिघडला तरी मेंदू ती चित्रं दुसऱ्या वाटेने चाळत बसतो. तुम्ही ‘मी काही आठवत नाही, ते आपोआप पडतात’ लिहिलं ना, ते म्हणूनच एकदम बरोबर आहे.
कूलरमधला टिंगही त्याच घरचा. अँजेलिका ओर्टिझ दे गोर्टारी नावाच्या संशोधक नेमक्या यावरच काम करतात, खेळून झाल्यावर आवाज ऐकू येणं, हात आपोआप हलणं, रस्त्यावर गेमसारखं काही करावंसं वाटणं. महालच्या दादांची दोन ट्रकमधली फट तिथेच बसते. बहुतेकांचं हे थोडा वेळ टिकतं आणि ‘हे खरं नाही’ हे त्यांना पक्कं माहीत असतं. ते माहीत असणं महत्त्वाचं. उद्या कूलर तुमच्याशी बोलायला लागला, काही सांगायला लागला, तर मात्र सरळ डॉक्टरकडे जा.

निवृत्त_काका:
तुम्हा पोरांचे ठोकळे तरी रंगीत आहेत. आमची स्वप्नं ब्लॅक अँड व्हाईट होती. खरंच सांगतो. देशात रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाडला आला पण आमच्याकडे शटरवालं काळं-पांढरं डबडं पुढे कितीतरी वर्षं चाललं, रविवारी अर्धी गल्ली आमच्या ओसरीत, अन् मला स्वप्नं पडायची ती तशीच, कडेला मुंग्या आलेली. घरी सांगितलं की सगळे हसायचे. मग कधीतरी वाचलं की डंडी विद्यापीठातल्या एका बाईंनी २००८ मध्ये हेच तपासलं, लहानपणी ज्यांनी फक्त काळा-पांढरा टीव्ही पाहिला त्या पंचावन्नच्या पुढच्या लोकांना साधारण चारातलं एक स्वप्न बिनरंगाचं पडतं, अन् पंचविशीच्या आतल्या पोरांना जवळपास नाहीच. दिवसातले तास-दोन तास पाहिलेला डबा रात्रीचा रंग ठरवते, मग आजकालची पोरं तर सहा-सहा तास पाहून राहिली. माझी नात रील पाहता पाहता झोपते, तिला स्वप्नं पंधरा-पंधरा सेकंदांची पडत असतील 😄

आई_मनीषनगर:
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा बारावीला आहे, तो ठोकळेवाला नाही, बंदूकवाला गेम खेळतो, २०२० मध्ये बंद झाला तेव्हा मी देवाला नारळ फोडला होता आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या नावाने परत आला. नातेवाईक म्हणतात पोरगा हिंसक होईल. तो काही मारामारी करत नाही, उलट घाबरटच आहे. पण हाक मारली की ‘हा शेवटचा’ म्हणतो आणि तो शेवटचा रात्री एकला संपतो, ट्यूशन बुडते, जेवण थंड होतं, फुटाळा तलावावर मित्रांबरोबर जायचा तेही बंद. रेषा कुठे ओढायची?

सायकोलॉजी_एमए:
काकू, नातेवाईकांचं सोडा. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या हजारावर मुलांचा अभ्यास झाला, त्यात हिंसक गेम आणि आक्रमकपणा यांचा संबंध सापडला नाही. उलटं सांगणारे अभ्यासही आहेत, भांडण जुनं आहे, पण गोळ्या झाडणारा गेम खेळला की पोरगा उद्या चाकू घेऊन निघेल एवढं सरळ ते नक्कीच नाही. माझ्या मते तुमच्या पोस्टमध्ये बंदुकीपेक्षा फुटाळा बंद झाला ते जास्त काळजीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ आजारांच्या यादीत घेतला आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तासांचा हिशोबच नाही. पाहतात ते असं की खेळण्यावर ताबा राहिला नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम, आणि नुकसान दिसत असूनही चालूच, आणि हे साधारण वर्षभर. परीक्षेच्या टेन्शनमुळे तो तिथे जाऊन लपतोय का हेही पाहा, बारावीत ते खूप असतं. मोबाईल हिसकावून फोडू नका, त्याने फक्त भांडण वाढतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आधी तुम्हीच फोन करा, त्याला नंतर द्या. मेडिकलला मानसोपचाराची ओपीडीपण आहे.

पोट्टा_महालचा:
मेडिकल म्हणजे हॉस्पिटल हां काकू, या भाऊचं दुकान नाही 😂

मेडिकलवाला_धंतोली:
थँक्यू ताई, जीवात जीव आला. मोबाईल आता समोरच्या खोलीत चार्जिंगले राहते, बायको जिंकली. एक विचारायचं होतं. आमच्या आजूबाजूले हॉस्पिटलंच हॉस्पिटलं, रात्रपाळीत ॲक्सिडेंट केसचे लोक येतात, इंजेक्शन अन् सलाईनची चिठ्ठी घेऊन. एक जण काउंटरवर तेच तेच बोलत होता, ट्रक कसा वळला, ट्रक कसा वळला, पैसे मोजताना मधेच थांबून पुन्हा तेच. हा ठोकळा डोक्यात एवढा घुसते तर ते चित्र बाहेर नाही का काढणार?

सायकोलॉजी_एमए:
दादा हे तुम्ही कमाल विचारलं! नेमकं हेच करून पाहिलंय. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डच्या इमर्जन्सी वॉर्डमध्ये रस्त्यावरच्या अपघाताच्या ७१ पेशंटवर प्रयोग केला. अपघातानंतर सहा तासांच्या आत अर्ध्या लोकांना आधी तो प्रसंग थोडक्यात आठवायला सांगितलं आणि मग वीसेक मिनिटं टेट्रिस खेळायला दिला, बाकीच्यांना वेगळं साधं काम. पुढच्या आठवड्यात अपघाताचं चित्र अचानक डोळ्यासमोर येण्याचे प्रसंग टेट्रिसवाल्यांत सरासरी ९, दुसऱ्यांत २३. कल्पना अशी की ती आठवण अजून पक्की होत असते आणि नजरेने करायची कामं मेंदूच्या एकाच जागेत चालतात, ठोकळ्यांनी जागा अडवली की ट्रकला कमी मिळते. पण अभ्यास छोटा होता आणि प्रशिक्षित माणूस समोर बसून करून घेत होता, त्यामुळे काउंटरवरून कुणाच्या हातात मोबाईल देऊ नका. त्या माणसाला खुर्ची द्या, पाणी द्या, बोलू द्या, आणि महिनाभरानेही ट्रक जात नसेल तर कुठे जायचं ते चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.

मेडिकलवाला_धंतोली:
खुर्ची एकच आहे, तिच्यावर खोके ठेवले असतात. उद्या हलवतो.