अनुभव धागा: डोंगरात एकट्याने चालताना दिवस कसा जातो?

गेल्या रविवारी वेताळ टेकडीवर आमच्या नेहमीच्या टोळक्यात एक जण चार दिवस एकटाच सह्याद्रीत चालून आला होता. सगळे त्याला एकच विचारत होते, "भीती नाही वाटली?" तो बिचारा सांगू बघत होता की तिसऱ्या दिवशी दीड तास त्याने एक मोजा वाळवण्यात घालवला. ते कुणाला ऐकायचं नव्हतं. मला तेच ऐकायचंय.

म्हणून हा धागा. सूर्योदय, गडावरचा भगवा आणि 'स्वतःचा शोध' जरा बाजूला ठेवा. उठलात किती वाजता, खाल्लंत काय, पाणी कुठून आणलंत, झोपलात कुठे, ते लिहा. एका रात्रीचं चालेल, महिन्याचंही. एकट्याने जावं की नाही हा वाद कृपया नको. (होणारच आहे, पण सांगून ठेवलं.)

सुरुवात माझ्यापासून.

डिसेंबर २०११, गुंजवणे ते रायगड, चार दिवस. राजगड, तोरणा, मग भट्टीकडे उतरून मोहरी, सिंगापूर (हे गाव आपल्याकडचंच) आणि सिंगापूर नाळेने खाली कोकणात. निघताना वाटलं होतं, चार दिवस शिवकाळात वावरू. वावरलो पाण्याच्या हिशोबात. राजगडावर पाण्याला तोटा नाही, पण संजीवनी माचीच्या आळू दरवाज्यातून उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या दांडावर, म्हणजे डोंगराच्या सोंडेवर, भरवशाचं पाणी नाही. तीन लिटर घ्यायचं म्हणजे पाठीवर तीन किलो, आणि अकराचं ऊन लागलं की तेच तीन किलो पाठीवरून पोटात कधी जातात असं होतं. मी बाटल्यांवर स्केचपेनने रेघा मारल्या होत्या. डांबरी रस्ता ओलांडेपर्यंत ही रेघ, तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत ती. रेघेखाली गेलं की स्वतःला शिव्या, त्याही मोठ्याने. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की मी स्वतःला 'तुम्ही' म्हणतोय. "अहो, जरा हळू, घसारा आहे." पुणेरी माणूस एकटा पडला की असा होतो.

दिवस साधारण असा. साडेपाचला थंडीने जाग. दुधाच्या पावडरीचा चहा, कालच्या खिचडीचा तळ. सॅक भरायला चाळीस मिनिटं, कारण जी वस्तू हवी ती तळाशी. चौथ्या दिवशी हेच काम बारा मिनिटांत व्हायला लागलं आणि तोवर ट्रेक संपला. साडेचारला चाल बंद म्हणजे बंद. पाणी आणणं, स्वयंपाक, पायाचे फोड बघणं, सगळं उजेडात उरकायचं. सातला अंधार पडल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. पुण्यात साडेसातला झोपलो असतो तर घरच्यांनी डॉक्टर बोलावला असता. (गडांवरच्या मुक्कामाचे नियम आता बदलले आहेत, ते बघूनच आखणी करा.)

मोहरीत एका घराच्या पडवीत टेकलो. पिठलं-भाकरी झाली. आजींनी पैसे घेतले नाहीत, मात्र "डोईच्या दुखण्यावर काय हाय का?" असं विचारलं. बाम दिला. त्यांनी कपाळाला लावला, वास घेतला, झाकण घट्ट बसवून डबी कमरेच्या पिशवीत टाकली. हिशोब चुकता.

एकटेपणा कळला तो नाळेत. नाळ म्हणजे पावसाळी पाण्याने कापलेली, धोंड्यांनी भरलेली घळ. एक धोंडा हलला आणि घोटा मुरगळला की विषय संपला, हाक कुणाला मारणार? प्रत्येक दगड काठीने हलवून मग पाय. ते तास मी स्वतःच्या बुटांखेरीज काही पाहिलं नाही. लोक लिंगाण्याच्या सुळक्याचे फोटो दाखवतात तेव्हा मी मान डोलावतो.

कोथरूड, नोकरी करते, लोणावळा ते भीमाशंकर, तीन दिवस

भीतीचं आधी उरकते. बिबट्याची नाही वाटली. मोटरसायकलवरून दोघे आले, वेग कमी केला, बघितलं आणि पुढे गेले, त्याची वाटली. काही झालं नाही. पण पुढचा तासभर मी वाट सोडून झाडीच्या कडेने चालले आणि करवंदीच्या काट्यांनी हात सोलून घेतले. हा हिशोब पुरुषांच्या सॅकमध्ये नसतो.

त्यामुळे माझा नियम, तंबू एकांतात लावायचा नाही. दुपारी तीन वाजताच वस्ती गाठायची आणि जिथे बाई दिसेल तिथे विचारायचं. कुसूर पठार ओलांडल्यावर सावळे गावाच्या बाजूला एका अंगणात बसले, तर पंधरा मिनिटांत अर्धी वाडी गोळा. "मालक कुठायत?" "पुण्यात." "भांडून आलीस व्हय?" नाही म्हटलं तरी कुणाचा विश्वास नाही. रात्री त्या घरातल्या वहिनींनी मला मधे झोपवलं, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला सासूबाई. सासूबाई पहाटेपर्यंत अधूनमधून मला समजावत होत्या की संसारात असं होतंच, जाऊ दे, परत जा. मीही शेवटी "बरं" म्हणून टाकलं. नवऱ्याला घरी येऊन सांगितलं की तुझी बाजू घेणारं एक माणूस मावळात आहे.

दुसऱ्या दिवशी पाळी आली, चार दिवस आधी. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. मी मेन्स्ट्रुअल कप वापरते. दोन गोष्टी शिकले: त्यासाठी अर्ध्या लिटरची वेगळी बाटली ठेवायची, पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. आणि ओढ्यात धुवायचं नाही, खाली कुणीतरी तेच पाणी भरतं. पॅड वापरत असाल तर झिपची पिशवी, आत जुना पेपर, आणि सगळं परत पुण्याला.

वांद्रे गावाच्या (मुंबईतलं नव्हे) पुढे भीमाशंकरचं जंगल लागलं आणि डोक्यावर काहीतरी जोरात खडखडलं. वर शेकरू. आपला राज्यप्राणी मी शाळेच्या पुस्तकात पाहिला होता, तो असा माझ्यावर ओरडेल असं वाटलं नव्हतं. शेपटी आपटून आपटून ओरडत होता. त्या दिवशी माझ्याशी बोललेला तो पहिलाच जीव, म्हणून मी थांबून ऐकून घेतलं.

निवृत्त, पर्वती पायथा

धागाकर्त्यांनी वाद नको म्हटलंय, तरी माझं मत नोंदवतो. सह्याद्रीत एकट्याने जाऊ नये. आमच्या वेळी किमान तिघं, म्हणजे एक पडला तर एक जवळ बसेल आणि एक गावात जाईल. हे गणित अजून बदललेलं नाही.

आता कबुली. वयाच्या ६१व्या वर्षी मी एकटाच गेलो, कारण बाकी दोघांचे गुडघे गेले. तयारी पर्वतीवर केली. सॅकमध्ये पाण्याचा आठ लिटरचा कॅन भरून पायऱ्या चढायचा, वर गेल्यावर पाणी झाडांना घालायचं आणि रिकामा उतरायचा. उतरताना गुडघ्यावर वजन नको, एवढं साधं आहे. १०३ पायऱ्या, रोज सहा फेऱ्या. देवळातल्या लोकांना वाटायचं म्हातारा नवस फेडतोय. मी तसंच वाटू दिलं. निघायच्या आदल्या रात्री सॅक भरली १३ किलो. बायकोने शेजारी बसून एकेक वस्तू वर धरली: "हे लागलं नाही तर मराल का?" साडेआठ किलोवर आली. मेतकुटाची पुडी तिने काढली आणि मी परत घातली, ही एकच चोरी.

(मी धागाकर्ता) काका, हा वाद आहे की समर्थन?

धनकवडी

माझा अनुभव छोटा आहे. कात्रज ते सिंहगड, रात्री, पौर्णिमा, एकटा. जुन्या बोगद्यावरच्या वाघजाईच्या देवळापासून साडेनऊला निघालो. उजवीकडे अख्खं पुणं दिव्यांनी झगमगत होतं, म्हटलं यात कसलं आलंय एकटेपण. तिसऱ्या टेकडीच्या उतारावर मागे पावलं वाजली. थांबलो की थांबायची. टॉर्च मारला, कुणी नाही. पुन्हा चाललो, पुन्हा पावलं. तेरापैकी तीन टेकड्या करून परत फिरलो आणि जवळजवळ पळत देवळाशी आलो. घरी सॅक उतरवली तेव्हा कळलं, बाहेर लटकवलेला स्टीलचा मग पावलागणिक बाटलीवर आपटत होता.

औंध, पूर्वी कॅलिफोर्निया

सह्याद्री नाही, पण धाग्यात बसेल. जॉन म्यूर ट्रेल ही तिथली डोंगरातली पायवाट, योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंत, साधारण ३४० किलोमीटर. ऑगस्टात एकवीस दिवस लागले.

तिथलं रोजचं जगणं एका डब्याभोवती फिरतं. अस्वलाला उघडता येणार नाही असा प्लास्टिकचा जाड पिंप. खाणं तर त्यात टाकायचंच, पण टूथपेस्ट, क्रीम, वास येणारं काहीही. रात्री तो तंबूपासून लांब ठेवायचा. फार तर सात-आठ दिवसांचं अन्न मावतं, म्हणून पुढचं अन्न आधीच बादलीत भरून वाटेतल्या ठाण्यांवर पाठवून ठेवायचं. माझ्या पिंपात जाडे पोहे, घरी वाळवलेलं वरण, शेंगदाण्याचा कूट आणि आईने दिलेली लसणाची चटणी. गोरे लोक ओटमील खाऊन तोंड वाकडं करायचे, मी पोहे पाण्यात भिजवून वर चटणी टाकायचो, चूल नको की गॅस नको. वाटेवर लोक एकमेकांना टोपणनावं ठेवतात. दुसऱ्याच आठवड्यात माझं 'चटणी' झालं. त्यानंतर शेवटपर्यंत मला कुणी खऱ्या नावाने हाक मारली नाही.

दुपारी ढग जमतात आणि गारा, विजा. म्हणून खिंड सकाळीच ओलांडायची. फॉरेस्टर पास चार हजार मीटरच्या वर आहे. म्यूर पासवर दगडी खोपी आहे, वादळात सापडलेल्यांसाठी. आत बसलो तर आपल्या गडावरच्या कोठारात बसल्यासारखं वाटलं, फक्त वटवाघळांचा वास नव्हता.

शौचाचं कुणी विचारत नाही, पण सगळ्यांना तेच जाणून घ्यायचं असतं. पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर बुजवायचा. कागद वापरलात तर तो पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. आपण पाण्यावर वाढलेली माणसं, त्यामुळे माझी पिशवी रिकामी. व्हिटनीच्या परिसरात मात्र कागदच काय, सगळंच पिशवीत घालून खाली न्यावं लागतं. शिखरावरचा माझा फोटो फार रुबाबदार आहे. सॅकच्या बाहेर काय लटकतंय ते त्यात दिसत नाही.

सिंहगड रस्ता

ऑक्टोबरात मढे घाट उतरून कर्णवडी, तिथून उपांड्या घाटाने परत केळद. लोक म्हणाले सोपं आहे. असेलही, पण पावसाळ्यानंतर गवत छातीपर्यंत असतं आणि वाट त्याच्या खाली. मी एक छान मळलेली वाट धरली आणि पाऊण तासाने कारवीच्या गचपणात अडकलो. ढोरवाट होती. गुरं जिथे चरायला जातात तिथे संपते.

तिथे एक गुराखी भेटला, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने सांगितलेलं इथे लिहितो, कारण कुठल्याच नकाशात ते नाही. ढोरवाटेवर कमरेपर्यंतच मोकळं असतं, वर फांद्या तोंडावर येतात. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या कोयत्याने तोडलेल्या असतात, कारण माणूस डोक्यावर भारा घेऊन जातो. तेव्हापासून मी वाट जमिनीवर शोधत नाही, वर बघतो.

त्याने मला वाटेला लावलं आणि विचारलं, "काका, येकटंच का फिरताय? घरात ऱ्हाऊ देत न्हाईत का?"

आणखी एक. बॅटरीच्या भरवशावर राहू नका. माझा फोन दुपारी दोनला संपला, रेंज शोधून शोधूनच. विमान मोड लावून ठेवा, ११२ ला फोन करायची वेळ आली तर काहीतरी शिल्लक हवं.

सहकारनगर

मी कुठेच गेलेले नाही. मुलगा जातो. माझाही दिवस असतो, म्हणून लिहिते.

जाताना तो फ्रिजवर कागद चिकटवतो. कुठल्या दिवशी कुठलं गाव, कुठल्या घाटाने उतरणार, आणि खाली लाल अक्षरात: मंगळवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर या मित्राला सांग, बुधवारी सकाळी पोलिसांना. मंगळवारी मी साडेसहापासून स्वयंपाकघरातच असते. काही करत नसते. तोच ओटा पुन्हा पुसते. आता मला घाटांची नावं पाठ झालीत, कुठल्या दांडावर रेंज येते तेही. भिशीतल्या बायका लेकाच्या पगाराचं बोलतात, मी म्हणते, आत्ता तो पठारावर असेल, ऊन असेल.

येतो तो स्वारगेटहून रिक्षाने, रात्री अकराला. बोलत नाही. वरण-भात-तूप, दोनदा भात घेतो, आणि तिथेच पाटावर बसल्या बसल्या डोळे मिटतो. मोजे मी वेगळे भिजवते. कुसळं निघता निघत नाहीत, ब्रशने नाही, हाताने नाही, मशीनमध्ये तर इतर कपड्यांना लागतात. मागच्या डिसेंबरातलं एक परवा, आषाढी एकादशीला, माझ्या पातळाच्या काठात सापडलं.