११ डिसेंबरचं ठीक आहे, १२ डिसेंबरचं काय?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पायपीट

२०२१ पासून दर ११ डिसेंबरला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर महापालिकेचा पादचारी दिन असतो. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक, दिवसभर गाड्या बंद. गेल्या खेपेला आईला घेऊन गेलो होतो. वय ७८, गुडघे कुरकुरतात. कुंटे चौकाच्या अलीकडे, रस्त्याच्या अगदी मधोमध तिला खुर्ची मिळाली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या लग्नाचा बस्ता इथेच बांधला. तेव्हा टांग्याच्या घोड्याची धास्ती, नंतर रिक्षांची. या रस्त्यावर मान वर करून आज पहिल्यांदा बघतेय." मीही बघितलं. दुकानांच्या पाट्यांच्या वर जुन्या लाकडी गॅलऱ्या आहेत, एकीवर गोधडी वाळत होती.

दुसऱ्या दिवशी कामासाठी तिथूनच गेलो. आईची खुर्ची होती त्या जागी टेंपो उभा, कापडाचे गठ्ठे उतरत होते आणि मागे हॉर्नचा गजर.

माझं म्हणणं सरळ आहे. पादचारी दिन, रविवारच्या सायकल फेऱ्या, 'तुमच्या स्वप्नातलं शहर' अशा कार्यशाळा (रंगीत चिठ्ठ्या, चहा-समोसा, शेवटी ग्रुप फोटो) हे सगळं आता काही न करण्याचं निमित्त झालंय. ८२४ किलोमीटर सायकल मार्गांचं जाळं दाखवणारा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. तो कुठे आहे हे कुणी विचारू नये म्हणून वर्षातून एकदा सनई-चौघडा. करायचं तर दर रविवारी करा, नाहीतर करूच नका.

गाळा नंबर नऊ

आमचं दुकान याच पट्ट्यात आहे, तिसरी पिढी. तुमच्या आईंना मान वर करून बघता आलं याचा आनंद आहे, पण त्या दिवशी आमची मान खाली असते. गर्दी तोबा, गल्ला रिकामा. लोक फोटो काढतात, आमच्या पायरीवर बसून भेळ खातात, द्रोण तिथेच टाकतात.

आमचं खरं गिऱ्हाईक कोण? बारामती, सासवड, जुन्नरकडून बस्त्याला येणारं. दोन गाड्या, दहा-बारा माणसं. त्यात एक आत्याबाई असते, तिला जिना चढवत नाही, साड्या खाली आणून दाखवाव्या लागतात. मानपानाच्या पंचवीस साड्या, शालू, फेटे घेऊन ही मंडळी मंडईच्या पार्किंगपर्यंत चालत जाणार? ती सरळ उपनगरातल्या एसी शोरूमला जातात. दारात गाडी, चहा फुकट. आणि दर रविवारी म्हणताय? रविवार हाच आमचा धंद्याचा दिवस आहे हो.

उलटीटोपी

गाळासाहेब, हेच सगळं १९६२ साली कोपनहेगनच्या व्यापाऱ्यांनी म्हटलं होतं. तिथला स्ट्रॉयएट हा मुख्य बाजाररस्ता प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, तेव्हा आता धंदा बुडाला अशीच ओरड झाली. पुढे प्रयोगच कायम झाला. आज तिथे सुमारे एक किलोमीटरभर नुसती माणसं, आणि दुकानाचा गाळा मिळणं मुश्कील.

पायपीट, तुमचंही पटत नाही. एक दिवसाचा कार्यक्रम म्हणजे रंगीत तालीम. नाटक लागलं नाही म्हणून तालीमच बंद करा, हा काय न्याय? कोलंबियातल्या बोगोटात १९७४ साली असेच दोन-चार रस्ते थोड्या वेळासाठी बंद केले होते. आता दर रविवारी सकाळी ७ ते २ शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते सायकल आणि पायी चालणाऱ्यांचे.

पायपीट

उलटीटोपी, बोगोटाचं उदाहरण माझ्याच बाजूने दिलंत की! तिथे ते दर रविवारी आहे. लोकांनी आपला आठवडा त्याभोवती लावून घेतला. आपल्याकडे तालमीला अनेक वर्षं झाली, अंक पहिलाच, आणि दरवर्षी नारळ मात्र नवा.

खाटखूट

चालू द्या. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) आली तेव्हाही अशीच भाषणं ऐकली होती. २०२३ मध्ये नगर रस्त्यावरची बीआरटी उखडली. २०१८ मध्येच शहरातली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी होती. त्याच वर्षी पार्किंगचं धोरण आलं, तर गदारोळ होऊन ते पाच रस्त्यांपुरतं उरलं. पुणेकराला फुकट पार्किंग आणि कोपनहेगन दोन्ही हवंय.

डबलकॅरिअर

रोज सायकलने कामावर जाते, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. म्हणून थोडं तपशिलात.

माझ्या वाटेवर एक सायकल ट्रॅक आहे. कुठला ते सांगत नाही, तुमच्याही घराजवळ असाच असेल. सुरुवातीला दोन बोलार्ड (गाड्या अडवायचे बुटके खांब), इतके जवळ की हँडल तिरकं करून घुसावं लागतं. मग पेव्हर ब्लॉक, त्यामुळे डब्यातली आमटी ऑफिसला पोचेपर्यंत घुसळून निघते. पुढे लावलेल्या दुचाकी, एक नारळपाणीवाला (बिचारा ओळखून गाडी सरकवतो), मग महावितरणचा डीपी, म्हणजे विजेची मोठी पेटी. ट्रॅक डीपीपाशी संपत नाही बरं का, डीपीच्या पोटात जातो आणि पलीकडून निघतो. आपण मात्र फुटभर उंचीवरून खाली रस्त्यावर उतरायचं, बसच्या पुढ्यात.

एकदा सायकल नियोजनाच्या कार्यशाळेला गेले होते. चाळीसेक माणसं, बहुतेक छान माणसं. हात वर करून विचारलं, आज इथे सायकलवर कोण आलंय? चार हात. आमच्या सोसायटीचे दोन्ही रात्रपाळीचे वॉचमन सायकलवर येतात, समोरच्या साइटवरचे सेंट्रिंगवाले सायकलवर येतात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि वेळ होती शनिवारी सकाळी अकरा, म्हणजे त्यांची कामाची. हेल्मेट घालून हौसेने चालवतो तो 'सायकलिस्ट', गरजेपोटी चालवतो तो 'सायकलवाला'. कार्यक्रम सायकलिस्टांसाठी असतात, ट्रॅकवरून जायचं असतं सायकलवाल्याला.

तरी कार्यक्रम बंद करा असं मी म्हणणार नाही. त्याच दिवशी डीपीचा मुद्दा नोंदवून घेतला गेला. डीपी हलला नाही. पण खाली उतरायला उतार झालाय. वेडावाकडा आहे, पण आहे.

उलटीटोपी

डबलकॅरिअर, वॉचमनचा मुद्दा शंभर टक्के. मी अशा एका फेरीत स्वयंसेवक होतो. आम्ही टीशर्ट वाटले, लोक कुठून कशाने आले याची साधी नोंदही केली नाही. चुकलंच.

पण जंगली महाराज रस्ता विसरू नका. २०१७ च्या आसपास तिथले पदपथ रुंद झाले, बसायला जागा झाली. चर्चा, आराखडे, लोकांच्या बैठका यांतूनच रस्त्यांच्या रचनेचा विचार पुढे आला होता ना?

खाटखूट

आणि त्या रुंद पदपथावर आता दुचाकी आरामात चढतात. रुंद केलाय ना त्यांच्यासाठी.

पायपीट

खाटखूट, तुम्ही लग्नात जाऊनही जिलबीचा पाक मोजत असाल.

डबलकॅरिअर, 'बंद करा' हे माझं वाक्य मी अर्धं मागे घेतो. नेदरलँड्समध्ये १९७३ च्या तेलटंचाईत गाडीबंद रविवार आले, लोकांनी रिकामे रस्ते बघितले. पण सायकल मार्ग त्या रविवारांनी आपोआप झाले नाहीत. अपघातात मुलं गमावलेले पालक त्याच दशकात रस्त्यावर उतरले होते, म्हणून झाले. आपल्या कार्यक्रमात ढोल असतो, मागणी नसते. ११ तारखेला व्यासपीठावरून एकच सांगायचं: या वर्षी कुठले चार डीपी हलणार, कधी. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावर हिशेब.

गाळासाहेब, तुमच्या अटी सांगा. दर रविवार सोडा, महिन्यातून एक दिवस?

गाळा नंबर नऊ

विचारलंत म्हणून सांगतो, आजवर कुणी विचारलं नव्हतं. फक्त आदल्या दिवशी पत्रक हातात.

एक, मालाचा टेंपो सकाळी अकरापर्यंत येऊ द्या. दोन, मंडईची मेट्रो झालीय, तिथून आणि पार्किंगपासून आत्याबाईंसाठी बॅटरीवरची गाडी फिरवा. तीन, तारीख. ११ डिसेंबर कुणी काढली? तुळशीचं लग्न झालं की आमची लग्नसराई, आणि मार्गशीर्षात तुम्ही रस्ता बंद करता. अरे, वर्षाला बारा महिने आहेत. पितृपक्षात करा ना! पंधरा दिवस कुत्रं फिरकत नाही दुकानात.

डबलकॅरिअर

गंमत म्हणजे जागतिक गाडीमुक्त दिन २२ सप्टेंबरला असतो. बऱ्याच वर्षी पितृपक्षातच येतो.

गाळा नंबर नऊ

मग पितरांचीही हरकत नाही. पण टेंपो अकरापर्यंत, हे लिहून द्या.