आखाजीची बॅडमिंटन आणि माहेरवाशिणींची टीम

*जिभाऊ, ए-२०१:* नमस्कार मंडळी 🙏 दरवर्षीप्रमाणे आखाजीनिमित्त (अक्षय्य तृतीया) सोसायटीची बॅडमिंटन स्पर्धा शनिवार ११ मे आणि रविवार १२ मे २०२४. आखाजी शुक्रवारी आहे आणि सोमवारी १३ ला मतदान, म्हणून रविवारी रात्री १० च्या आत सगळं आटपायचं. जेन्ट्स सिंगल, जेन्ट्स डबल, लहान मुलं आणि वेळ उरला तर लेडीज. नावं ५ तारखेपर्यंत द्या.

*वहिनी, बी-३०३:* वेळ उरला तर म्हणजे काय जिभाऊ

*जिभाऊ, ए-२०१:* वहिनी राग मानू नका, मागच्या वर्षी लेडीजची सहाच नावं आली होती म्हणून तसं लिहिलं

*वहिनी, बी-३०३:* सहा आली होती आणि सहाही जणी शूज घालून साडेसहापासून खाली बसून होत्या. आमची फायनल सव्वादहाला लावली, ९-९ झाले होते आणि माईकवरून सांगितलं की पाहुण्यांना निघायचंय, ११ वर संपवा. २१ चा गेम ११ वर. त्याआधी जेन्ट्सच्या फायनलचे तिन्ही गेम पूर्ण झाले होते. मी जिंकले ११-९, पण ती ट्रॉफी मी शोकेसमध्ये ठेवली नाही, कपाटावर आहे. मला ती मॅच झाली असं वाटतच नाही.

*नाना, बी-१०२:* जिभाऊ, वहिनींचं बरोबर आहे आणि मी दोन दिवसांपासून हेच लिहीन म्हणत होतो, आता लिहूनच टाकतो, जरा मोठं होईल.

उद्यापासून चीनमध्ये चेंगडूला थॉमस कप आणि उबर कप सुरू होतोय. थॉमस म्हणजे पुरुषांच्या टीमची जागतिक स्पर्धा, उबर म्हणजे बायकांची. दोन्ही एकाच गावात, एकाच वेळी, त्याच स्टेडियममध्ये. आधी तसं नव्हतं, थॉमस १९४९ मध्ये पहिल्यांदा मलायाने जिंकला, उबर १९५७ मध्ये अमेरिकेने, आणि दोन्ही वेगवेगळे, तीन तीन वर्षांनी व्हायचे. १९८४ पासून दोन वर्षांनी आणि एकत्र व्हायला लागले. तेव्हाच दोन्हीकडे पाच मॅचचा टाय, म्हणजे दोन टीममधला सामना, झाला, तीन सिंगल दोन डबल, त्याआधी थॉमसला नऊ मॅच असायच्या आणि उबरला सात. म्हणजे गेली ४० वर्षं पुरुषांच्या पाच तर बायकांच्याही पाच. तिथे कुणी माईकवर ११ वर संपवा म्हणत नाही.

माझं म्हणणं यंदा आपण वैयक्तिक स्पर्धा बंद करून ए, बी, सी अशा तीन विंगच्या टीम करू. जेन्ट्सचा टाय आणि लेडीजचा टाय, दोन्ही पाच मॅचचे.

*सोनू, सी-४०२:* नाना भारी आयडिया, थॉमस कपला आपण डिफेंडिंग चॅम्पियन आहोत यंदा

*आप्पा, ए-३०१:* नाना कल्पना चांगली पण पाच मॅच म्हणजे वेळ किती जाईल? कोर्ट एकच आहे. आणि दुपारी तर ४४ डिग्रीत पार्किंगमध्ये पाय ठेवता येत नाही

*नाना, बी-१०२:* आप्पा हिशोब केलाय. तीन विंग म्हणजे तीन टाय, पंधरा मॅच जेन्ट्सच्या, पंधरा लेडीजच्या. एकेक मॅच २१ च्या एका गेमची ठेवली तर पाऊण तासात तीन होतात. तीस मॅच साडेसात तासांत. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी साडेसहा ते दहा, दोन दिवसांचे तेरा तास हातात आहेत. लहान मुलांच्या मॅच धरूनही वेळ उरतो. सकाळी वारा नसतो, शटल सरळ जातं, खरं तर सकाळचाच टाइम चांगला.

*आप्पा, ए-३०१:* मग वेळ बसतो. पण टाय ३-० झाला तर पुढच्या दोन मॅच कशाला?

*नाना, बी-१०२:* तिकडे ग्रुप स्टेजला टाय ३-० झाला तरी पाचही मॅच खेळवतात. नॉकआऊटला, म्हणजे हरला तो बाहेर, तिथे मात्र एका टीमने तीन जिंकल्या की संपलं. आपण ग्रुपसारखंच करायचं, म्हणजे जो पाचव्या नंबरला आहे तोही खेळून घरी जाईल.

*दादा, सी-१०१:* नाना स्पष्ट बोलतो, सी विंगमध्ये बारा फ्लॅट आणि त्यातले तीन बंद. पाच लेडीज आणायच्या कुठून? आमची टीम पहिल्याच दिवशी बाद. वैयक्तिक स्पर्धेत निदान ज्याला खेळायचं तो खेळतो, टीममध्ये एकाच्या चुकीने सगळ्यांची तोंडं पडतात आणि मग वर्षभर लिफ्टमध्ये तोंड फिरवणं

*सोनू, सी-४०२:* दादा पण २०२२ ला बँकॉकला थॉमस कपमध्ये काय झालं ते आठवा. लक्ष्य सेनला स्पर्धेच्या सुरुवातीला फूड पॉयझनिंग झालं होतं. फायनलला इंडोनेशियाच्या गिंटिंगसमोर पहिला गेम ८-२१ हरला, आठ पॉइंट फक्त, एकटा असता तर तिथेच संपला असता असं मला बघताना वाटत होतं. पण मागे सगळी टीम उभी राहून ओरडत होती आणि पुढचे दोन २१-१७, २१-१६ काढले त्याने. मग आपली डबलची जोडी सात्त्विक-चिराग, पहिला गेम हरलेले आणि दुसऱ्यात १७-२० ने मागे, चार मॅच पॉइंट वाचवले आणि २३-२१. तिसरा २१-१९. आणि श्रीकांत २१-१५, २३-२१. ३-०. चौदा वेळा कप जिंकलेल्या इंडोनेशियाला! त्या दिवशी मी आणि बाबा दोघंच घरी होतो, बाबा टेबलावर हात आपटत होते, तांब्या खाली पडला पण कुणी उचलला नाही.

*काकू, ए-१०४:* पोर्‍यास्नी नाव काढं भो 👏

*नाना, बी-१०२:* सोनू तू प्रणॉयला विसरला. क्वार्टर फायनल मलेशियाबरोबर २-२, पाचवी मॅच प्रणॉयने जिंकली. सेमी फायनल डेन्मार्कबरोबर पुन्हा २-२, पहिल्याच गेममध्ये त्याचा पाय मुरगळला, कोर्टवरच उपचार घेतले, पहिला गेम १३-२१ गेला, मग त्याच पायावर २१-९, २१-१२. आणि फायनलला त्याचा नंबर आलाच नाही, ३-० झालं, तो बाजूला बसून होता आणि कप त्याचाही तेवढाच. दादा, मी टीम म्हणतो ती एवढ्यासाठी. वैयक्तिक स्पर्धेत आपल्याकडे तीन वर्षं तीच चार नावं फलकावर येतात आणि बाकीचे खुर्च्या मांडतात. टायमध्ये तिसऱ्या सिंगलवाल्याचा पॉइंट आणि पहिल्याचा पॉइंट सारखाच.

आणि माणसं कमी म्हणाल तर नियम असा आहे की एक जण एक सिंगल आणि एक डबल खेळू शकतो. चार जणींतही टाय होतो. दोन जोड्या, त्यातल्याच तिघी सिंगलला.

*दादा, सी-१०१:* चार तरी पाहिजेत ना नाना. आमच्याकडे आज तारखेला दोन आणि एक नववीतली पोरगी

*काकू, ए-१०४:* आखाजीले पोरी माहेरले येतीस ना. त्यासले घ्या. आमना टाइमले आखाजीले आम्ही दिवसभर झोका खेयूत, गाणा म्हनूत, सासरनं कोन्ही काही म्हने नही. मंग ह्या बॅडमिंटन खेयतीन

*वहिनी, बी-३०३:* काकू 🙏🙏 एक नंबर

*जिभाऊ, ए-२०१:* पण काकू, लग्न होऊन गेलेल्या मुली सोसायटीच्या मेंबर कशा? उद्या कोणी म्हणेल बाहेरून चांगला प्लेअर आणला. क्रिकेटला आपण हाच नियम लावला होता

*ताई, बी-१०२, पुणे:* जिभाऊ, मी या ग्रुपवर अजून आहे तर टीममध्ये का नाही? माझं बालपण त्याच पार्किंगमध्ये गेलं, खांबाला दोरी बांधून नेट करायचो आम्ही.

बाबांनी लिहिलंच आहे तर मी एक सांगते, हे मी कधी ग्रुपवर सांगितलं नाही. शाळेत असताना आमची मुलींची टीम होती, आंतरशालेय. मी तिसरी सिंगल. टाय २-२ झाला आणि पाचवी मॅच माझी. मी बूट बांधले, बाहेरच्या पॅसेजमध्ये उड्या मारून अंग गरम केलं, रॅकेटच्या मुठीला नवीन पिवळी ग्रिप बाबांनी आदल्या रात्री गुंडाळून दिली होती ती सारखी दाबून बघत होते. आणि आयोजकांनी येऊन सांगितलं की मुलांच्या फायनलला हॉल पाहिजे, तुमचा निकाल टॉसवर लावू. नाणं उडवलं आणि आम्ही हरलो. मी कोर्टवर पाय पण ठेवला नाही. घरी येताना बसमध्ये आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही. हरले असते तर इतकं लागलं नसतं. आज इतकी वर्षं झाली तरी २-२ झालेला कुठलाही टाय बघितला की माझे हात गार पडतात.

*नाना, बी-१०२:* ती ग्रिप तिने मला परत काढू दिली नव्हती. रॅकेट अजून माळ्यावर आहे.

*आप्पा, ए-३०१:* ताई हे माहीत नव्हतं गं.

*ताई, बी-१०२, पुणे:* म्हणून फेब्रुवारीत मलेशियात आशियाई टीम स्पर्धा झाली ना, तेव्हा ऑफिसचं काम बाजूला ठेवून मी अनमोल खरबच्या मॅच बघितल्या. १७ वर्षांची मुलगी, जगात ४७२ वी. टायमध्ये सिंगलचा क्रम रँकिंगने लागतो, म्हणजे सगळ्यात खालची ती शेवटी, पाचव्या मॅचला. चीनविरुद्ध २-२, ती जिंकली. सेमीला जपानविरुद्ध २-२, समोर जगातली २९ वी, पण जिंकली अनमोलच. फायनल थायलंडशी. सिंधूने पहिली मॅच २१-१२, २१-१२ अशी काढली, त्रिसा-गायत्रीने डबल काढली, मग दोन मॅच गेल्या आणि परत २-२. आणि ती पोरगी येऊन २१-१४, २१-९ जिंकून गेली. भारताच्या मुलींचं या स्पर्धेतलं पहिलं सोनं. शेवटचा पॉइंट झाल्यावर सगळ्या जणी कोर्टवर धावत सुटल्या आणि मी पुण्यात एकटी खुर्चीत रडत होते, खरंच.

*वहिनी, बी-३०३:* 🥹 आणि याची आपल्या ग्रुपवर एक पोस्ट नव्हती बघा. २०२२ ला थॉमस कप आला तेव्हा दोन दिवस फटाके आणि जीआयएफ चालले होते, ते बरोबरच होतं, पण मुलींच्या वेळी मी स्वतः सुद्धा टाकली नाही पोस्ट

*सोनू, सी-४०२:* उबर कपला आपल्या मुलींना २०१४ ला दिल्लीत आणि २०१६ ला चीनमध्ये कुन्शानला ब्रॉंझ मिळालंय, म्हणजे दोनदा सेमीपर्यंत. थॉमसला तर १९७९ नंतर ४३ वर्षं सेमी पण नव्हती, मग २०२२ ला एकदम कप. यंदा उबरला सिंधू नाहीये, त्रिसा-गायत्री पण नाहीत, अनमोल आणि अश्मिता वगैरे नवीन पोरी आहेत सगळ्या. मी त्यांच्या मॅच आधी बघणार

*नाना, बी-१०२:* आपल्या मराठी माणसाचं नावही घेऊ द्या, नंदू नाटेकर सांगलीचे, थॉमस कपला १६ सिंगल खेळून १२ जिंकले होते आणि १९५६ मध्ये क्वालालंपूरला सिलंगोर स्पर्धा जिंकली, परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ते. माझे वडील त्यांच्या बॅकहँडबद्दल बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. आजही गल्लीत दोन पोरं बॅकहँडने ड्रॉप टाकायला लागली की मी थांबून बघतो.

*जिभाऊ, ए-२०१:* ठीक आहे. मी वाचलं सगळं नीट. "वेळ उरला तर" हे मी लिहायला नको होतं, मागे घेतो. तर ठरवू या का असं:
माहेरवाशीण आपल्या आई-वडिलांच्या विंगकडून खेळेल, त्याला कुणाची हरकत नसावी. आणि प्रत्येक टायला लेडीज आधी, जेन्ट्स नंतर. उशीर झाला तर तो आमच्या वाट्याला येऊ द्या.

*आप्पा, ए-३०१:* मंजूर. बक्षीस वाटपाच्या पाहुण्यांना मी सांगतो की शेवटचा पॉइंट झाल्यावरच माईक चालू होईल

*वहिनी, बी-३०३:* अजून एक, आखाजीचे मांडे, पुरणपोळ्या शुक्रवारी होतात, शनिवारी सकाळी ६ ला आम्ही कोर्टवर असू तर चहा-नाश्ता आणि बारकी पोरं कोण बघणार ते पण आत्ताच ठरवा

*दादा, सी-१०१:* शनिवारी सकाळी सी विंगचे जेन्ट्स चहा पोहे करतील, सगळ्या सोसायटीचे. माझा शब्द. भरताची वांगी मिळाली तर रविवारी रात्री भरीत-पुरी पण, सगळ्यांनी मिळून

*सोनू, सी-४०२:* दादा आपल्या लेडीज टीमचं काय पण

*दादा, सी-१०१:* ४०१ ची मुलगी नाशिकहून येतेय ९ ला, बोललो तिच्याशी आत्ता. म्हणजे तिघी झाल्या आणि नववीतली धरून चार. पण रँकिंगने क्रम लावायचा म्हटलं तर ती पोरगी तिसरी सिंगल, पाचवी मॅच तिलाच येणार. घाबरतेय ती. म्हणते मी हरले आणि टीम माझ्यामुळे हरली तर

*ताई, बी-१०२, पुणे:* दादा तिला माझा नंबर द्या, मी आज रात्री बोलते तिच्याशी. आणि तिला सांगा समोर बी विंगकडून तिसरी सिंगल मीच आहे, दहा वर्षांत रॅकेट धरली नाहीये.

*जिभाऊ, ए-२०१:* कोर्टचं माप कोणाकडे आहे? मागच्या वेळी आपण अंदाजाने फक्की मारली होती, त्यावरून रेषेची भांडणं झाली

*नाना, बी-१०२:* ४४ फूट लांब, डबलला २० फूट रुंद, सिंगलला १७. नेट मधे ५ फूट आणि खांबापाशी एक इंच जास्त. या रविवारी सकाळी टेप घेऊन या कोणीतरी दोघं, मी खाली असेन. बी विंगच्या खांबाजवळची ती कार तेवढी हलवायला लागेल, मागची सर्व्हिस लाइन नेमकी तिच्या चाकाखाली येते.

*आप्पा, ए-३०१:* ती माझी आहे. हलवतो

*ताई, बी-१०२, पुणे:* गुरुवारी रात्रीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. बाबा, माळ्यावरून रॅकेट काढा आणि गटिंग बघून घ्या, तुटलं असेल तर नवीन करून आणा. ग्रिप राहू द्या.