अबू अब्राहम सरकारात होते का? फलकावर काय लिहावं?

पेठकर:
वाचनालयात व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांच्यावर आठ फलक लावतोय, नारायण पेठेत. मजकुरात कुणीतरी 'इंदिरा गांधींच्या सरकारात पद भूषवले' असं लिहिलंय. ठेवू का? शिवाय १९७५ चं बाथटबचं चित्र कात्रणावरून मोठं करायचंय, पण स्कॅनमध्ये मागच्या पानाची अक्षरं उमटतात.

कात्रणवाला:
ते वाक्य काढाच. १९७२ ते १९७८ ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. कलम ८० नुसार साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांसाठी ज्या १२ जागा असतात, त्यातली एक. मंत्रिपद नाही, खातं नाही. हा फरक पुसला की बाथटबची धारच जाते. खासदारकी चालू, आणीबाणी लागलेली, आणि डिसेंबर १९७५ मध्ये हा माणूस 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये काय काढतो? राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद टबात बसलेत, तिथूनच सही केलेला वटहुकूम दारातून बाहेर देताहेत, आणखी असतील तर थांबायला सांगा म्हणताहेत. फलकावर खासदारकीची वर्षं आणि हे चित्र शेजारी शेजारी लावा. विशेषणांची गरज नाही.

शाईडाग:
कात्रणाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवून स्कॅन करा. स्कॅनरचं पांढरं झाकण उजेड परत फेकतं, म्हणून पाठची छपाई दिसते. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केल म्हणजे करड्या छटांचा मोड. नुसत्या काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये बारीक रेषा तुटतात. काळ्या पाठीमुळे कागद करडा येईल. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लेव्हल्स' ही उजळपणा जुळवायची सोय असते, तिथे पांढऱ्याकडचा बाण कागद उजळेपर्यंतच सरकवा, पुढे ओढलात तर रेषा झिजतात. ९ सेंमीचं कात्रण तिप्पट केलं तरी २०० डीपीआय उरतात. फलकाला पुष्कळ झाले.

पेठकर:
वाक्य काढलं. परवानगी वर्तमानपत्राकडूनच घ्यायची ना?

कलमबहाद्दर:
तेवढ्याने भागत नाही. अबू २००२ मध्ये गेले, म्हणजे कॉपीराइट २०६२ अखेरपर्यंत. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत काढलेल्या चित्रावर वर्तमानपत्राच्या मालकाचा हक्क असतो तो वर्तमानपत्रात वगैरे छापण्यापुरता. बाकीचे हक्क, करारात वेगळं ठरलं नसेल तर, चित्रकाराचे आणि त्याच्या पश्चात वारसांचे. तेव्हा पत्र वारसांनाही लिहा. त्यात फलकाचा आकार, प्रदर्शनाचे दिवस आणि तिकीट आहे की नाही हे घाला. निमंत्रणपत्रिकेवर चित्र छापणार असाल तर तेही आत्ताच मागा, नाहीतर पत्रिका छापखान्यात गेल्यावर पुन्हा पत्रापत्री.