शब्दचर्चा: चुंबकाने उष्णता ‘रोखली’, ‘अडवली’ की ‘मंदावली’?

शिक्षिका, जुळे सोलापूर
विज्ञान दिनासाठी नववीची मुलं भित्तिपत्रक करताहेत. विषय त्यांनीच निवडला आहे: चुंबकीय क्षेत्र वापरून पदार्थातली उष्णता आणि ध्वनी यांच्यावर ताबा मिळवणं. 2015 साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जोसेफ हेरेमान्स यांच्या गटानं केलेला प्रयोग त्यांना मांडायचा आहे. मथळा लिहिलाय, ‘चुंबकाने उष्णता रोखली’. ‘रोखली’ मला खटकतं, ‘नियंत्रण’ फार मोठं वाटतं. शिवाय पदार्थात उष्णता वाहून नेणाऱ्या ‘फोनॉन’ला मराठी शब्द द्यावा का? जाणकारांनी मदत करावी.

भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक
मॅडम, ‘रोखली’ नकोच. रोखली म्हटलं की वाट बंद झाली असा अर्थ होतो. प्रयोगात उष्णतेचं वहन सुमारे 12 टक्क्यांनी घटलं, थांबलं नाही. तेही 7 टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) इतक्या तीव्र क्षेत्रात आणि उणे 268 अंश सेल्सियसच्या आसपास. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचं असतं, त्यावरून 7 टेस्ला किती ते मुलांना कळेल. ‘मंदावली’ हे क्रियापद मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. ‘नियंत्रण’ हा शब्द संशोधनाच्या दिशेला शोभतो, या एका निष्कर्षाला नाही.

आणि नुसतं ‘उष्णता’ म्हणू नका, ‘उष्णतेचं वहन’ म्हणा. आपल्या पाठ्यपुस्तकात वहन, अभिसरण, प्रारण असे तीन शब्द आहेत. हिंदी पुस्तकं चाळणाऱ्या मुलांना एक सांगून ठेवा: तिकडे ‘संवहन’ म्हणजे आपलं अभिसरण, आणि वहनाला ते ‘चालन’ म्हणतात. इथं गोंधळ झाला तर सगळं भित्तिपत्रक चुकेल.

यंत्रमाग कारखानदार, पूर्व भाग
सर, एक विचारू का? आमच्या शेडवर पत्रे आहेत. मे महिन्यात आत उभं राहवत नाही, माणसं घामानं भिजून जातात. असं चुंबक बसवून पुढं-मागं काही फरक पडेल का? मनापासून विचारतोय.

भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक
प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या बोलीतच आहे. तापल्या तव्याला हात लागला की बसतो तो चटका. उन्हाळी वाऱ्याबरोबर अंगावर येते ती झळ. भट्टीला हात न लावता लांबूनच जाणवते ती धग. चटका म्हणजे वहन, झळेत उष्णता हवेसोबत येते, धग मुख्यत्वे प्रारणाची. बोलताना आपण या शब्दांची सरमिसळ करतो, पण फरक मुळात आहे. तुमच्या शेडमध्ये पत्र्याची धग उतरते आणि दारातून झळा येतात. हेरेमान्स यांचा प्रयोग फक्त वहनाबद्दल आहे, तोही एका स्फटिकातला. शिवाय पत्रा धातूचा. धातूत उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहून नेतात, तिथं अणूंच्या कंपनांवर चुंबकानं केलेला परिणाम झाकला जाईल. म्हणून शेडसाठी पांढरा रंग आणि वायुवीजन, हेच आज खरं.

यंत्रमाग कारखानदार, पूर्व भाग
समजलं सर. मग ते कंपन म्हणजे नेमकं काय? मागावर ताण्याचा एक धागा छेडला की हादरा पुढं जातो, तसं?

पदार्थविज्ञानाची संशोधक विद्यार्थिनी
काका, बरंचसं तसंच. स्थायू पदार्थात अणू एकमेकांना बांधलेले असतात. एक थरथरला की शेजारचा थरथरतो. हीच थरथर सावकाश, लांब लहरींची असेल तर आपण तिला ध्वनी म्हणतो. फार वेगवान आणि विस्कळीत असेल तर उष्णता. आपला कान सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो. खोलीच्या तापमानाला उष्णता वाहणारी कंपनं सेकंदाला लाख कोटींच्या घरात असतात. या कंपनांच्या ऊर्जेचा किमान हिस्सा म्हणजे फोनॉन. ही कल्पना 1932 साली इगोर ताम यांनी मांडली. नाव आलं ग्रीकमधल्या ध्वनिवाचक शब्दावरून.

म्हणून मॅडम, ‘ध्वनिकण’ हा शब्द मला पटत नाही. ‘कण’ म्हटलं की मुलं वाळूचा दाणा डोळ्यासमोर आणतात, आणि ‘ध्वनी’ म्हटलं की ऐकू येणारं काहीतरी. ‘कंपपुंज’ जास्त जवळचा आहे, कारण पुंजवादातला ‘पुंज’ आपल्याकडे रुळलाय. तरी भित्तिपत्रकावर ‘फोनॉन’च ठेवा आणि खाली एका ओळीत अर्थ द्या. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आपण तसेच ठेवले, त्यानं मराठीचं काही बिघडलं नाही.

प्रयोगासाठी मात्र एक सुंदर मराठी शब्द तयार आहे: नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क. इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकाचा तुकडा त्यांनी नादकाट्याच्या आकाराचा कापला होता. एक भुजा 4 मिलिमीटर रुंद, दुसरी 1 मिलिमीटर. अरुंद भुजेत फोनॉन मुख्यतः कडांवर आपटतात. रुंद भुजेत त्यांना एकमेकांवर आदळायला जास्त वाव मिळतो. चुंबकीय क्षेत्रामुळं या आपसातल्या टकरी वाढल्या आणि रुंद भुजेतलं वहन मंदावलं. दोन भुजांची तुलना करता आली म्हणूनच हा परिणाम वेगळा दिसला. मुलांनी हे चित्र मोठं काढावं, मला या प्रयोगातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच वाटते.

शिक्षिका, जुळे सोलापूर
पण इंडियम अँटिमोनाइड चुंबकाला चिकटत नाही ना? मुलांनी त्याला ‘अचुंबकीय’ म्हटलंय.

भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक
‘प्रतिचुंबकीय’ लिहा. चुंबकाला अगदी क्षीण विरोध करणारे पदार्थ म्हणजे प्रतिचुंबकीय. फॅरेडे यांनी 1845 सालीच हा गुण दाखवला. पाणी, काच, बहुतेक प्लॅस्टिक याच वर्गात येतात. ‘अचुंबकीय’ म्हटलं तर चुंबकाचा काहीच परिणाम नाही असा अर्थ निघतो, आणि मग प्रयोगाचा गाभाच नाहीसा होतो. अणू कंप पावतात तेव्हा त्यांच्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनांमुळं तिथल्या तिथं क्षीण प्रतिचुंबकत्व निर्माण होतं, आणि क्षेत्राला पकड मिळते ती त्यावर.

ध्वनीचं वेगळं लिहा. चुंबकित पदार्थात आडव्या (वाटेला काटकोनात कंप पावणाऱ्या) ध्वनितरंगाच्या कंपनाची दिशा क्षेत्रामुळं फिरते, हे 1962 साली यट्रियम-लोह गार्नेट या स्फटिकात दिसलं होतं. तिथं ‘वळवणे’ नको, ‘फिरवणे’ म्हणा, कारण तरंगाची वाट तीच राहते. उष्णता आडवी वळल्याचं 2005 साली टर्बियम-गॅलियम गार्नेटमध्ये मोजलं गेलं. तिथं ‘वळणे’ अगदी चपखल.

शिक्षिका, जुळे सोलापूर
मग मथळा असा करते: ‘चुंबकीय क्षेत्रामुळे स्फटिकातले उष्णतेचे वहन मंदावते’. लांब झाला, पण खरा आहे. एक राहिलं, ‘फोनॉन्समुळे’ की ‘फोनॉनांमुळे’?

पदार्थविज्ञानाची संशोधक विद्यार्थिनी
फोनॉनांमुळे. तो फोनॉन, ते फोनॉन, फोनॉनांचा. इलेक्ट्रॉनसारखंच चालवा.