पळस्पे–जेएनपीटी रस्ता: जुना 4ब, आताचा 348, आणि फास्टॅगचा वार्षिक पास

गोदाम_उरण:
पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून जेएनपीटी बंदरापर्यंतचा एकच रस्ता कागदोपत्री वेगवेगळ्या नावांनी सापडतोय. भूसंपादनाच्या जुन्या नोटिशीत "रा.म. 4ब", मोजणीच्या नकाशावर "4-बी", रस्त्यावरच्या फलकावर 348. आणि गव्हाण फाट्याकडच्या एका कागदावर चक्क "रा.मा. 54". गोदामाच्या पोचरस्त्याच्या परवानगीसाठी अर्ज करायचा आहे, त्यात कुठला क्रमांक लिहू? शिवाय कारच्या फास्टॅगवर वार्षिक पास आहे. तो अटल सेतूवर चालतो का?

साखळी_क्रमांक:
आधी तो काना बघा. "रा.म." म्हणजे राष्ट्रीय महामार्ग आणि "रा.मा." म्हणजे राज्य मार्ग. टंकलेखनात हा काना सर्रास गळतो किंवा जास्तीचा पडतो आणि अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन बसतो. तुमच्याकडचा रा.मा. 54 ही चूक नाही, तो खरोखरच वेगळा रस्ता होता. बंदराकडे जाणारे रस्ते रुंद करताना 4ब, रा.मा. 54 आणि आम्र मार्ग असे तिन्ही एकाच प्रकल्पात घेतले, म्हणून कागद एकमेकांत मिसळलेले दिसतात. गव्हाण फाट्याकडून बेलापूरच्या दिशेचा तो भाग आता 348ए आहे.

क्रमांक बदलले ते मार्च 2010 च्या अधिसूचनेने. त्याआधी मुख्य रस्त्याला अक्षर चिकटवून फाटे दाखवत: मुंबई-पुणे-बंगळूर-चेन्नई हा 4, त्याचा बंदराकडचा फाटा 4ब, बेळगाव-पणजी 4ए. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम अंक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. म्हणून आपला किनाऱ्यालगतचा जुना 17 झाला 66. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम अंक, उत्तरेकडून दक्षिणेकडे. फाटे तीन अंकी: शेवटचे दोन अंक मूळ रस्त्याचे, सुरुवातीचा अंक फाट्याचा. जुना 4 आणि जुना 8 जोडून 48 तयार झाला, त्यामुळे 4ब चा 348 आणि 4ए चा 748. रत्नागिरी-कोल्हापूर 204 होता, तो 66 चा फाटा म्हणून 166. गोवा महामार्गही पळस्पेलाच सुटतो, तरी 348 हा 66 चा फाटा नाही, हे शेवटच्या दोन अंकांवरूनच कळतं.

अर्जात असं लिहा: "राष्ट्रीय महामार्ग 348 (जुना क्र. 4ब)". पण क्रमांकापेक्षा साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) आणि बाजू महत्त्वाची. कि.मी. अमुक/तमुक, डावी की उजवी, गाव, गट किंवा सर्व्हे नंबर. डावी-उजवी ठरवताना साखळी वाढते त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, बंदराकडे किंवा घराकडे नव्हे. बाजू उलटी पडली की जागेची पाहणी रस्त्याच्या पलीकडे होते आणि शेरा येतो "जागा जुळत नाही".

खाडीपूल:
वरच्यात एक भर. इंग्रजी अक्षरांचं मराठीकरण प्रत्येक कार्यालय आपापलं करतं. वडखळ-अलिबाग 166ए, गुहागर-चिपळूण-कराड 166ई, तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर 166जी. फोनवर "ए" आणि "ई" एकच ऐकू येतात, तेव्हा सोबत दोन टोकांची गावं सांगायचीच.

जुनं राजपत्र शोधताना 348 टाकून काहीच मिळणार नाही. 2010 च्या आधीचं 3ए, 3डी (महामार्ग कायद्याच्या या कलमांखालच्या भूसंपादनाच्या अधिसूचना) सगळं 4ब नावाने आहे. गावाच्या नावाने शोधा. क्रमांक बदलला म्हणून जुनं संपादन रद्द होत नाही. 3डी झाली की जमीन केंद्र सरकारकडे गेलेली असते, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो.

टोलपावती:
पासचं सांगतो. अटल सेतूवर चालत नाही. 15 ऑगस्ट 2025 पासून मिळणारा हा पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांसाठी आहे. सेतू एमएमआरडीएचा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग एमएसआरडीसीचा, म्हणजे दोन्ही राज्याच्या संस्थांचे. सेतू चिर्ल्याला उतरून 348 ला मिळतो म्हणून लोकांचा गोंधळ होतो, पण रस्ता कुठे जोडलाय याला अर्थ नाही, टोल कोण घेतं ते बघायचं. अशा नाक्यावर तोच टॅग साध्या फास्टॅगसारखा चालतो आणि शिलकीतून पैसे जातात. पास आहे म्हणून शिलक शून्य ठेवलीत तर तिथेच अडकाल.

पास एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. साध्या नाक्यावर जाऊन-येऊन दोन फेऱ्या मोजतात. टॅग नुसत्या चासी नंबरवर घेतलेला असेल तर पास सुरू होत नाही, गाडीचा नोंदणी क्रमांक आधी चढवून घ्या. खासगी कार-जीपपुरताच आहे. गोदामाचा टेम्पो यात बसत नाही.

नाक्यापासून 20 किमीच्या आत राहणाऱ्यांचा मासिक पास निराळा. 2008 च्या टोल नियमात त्याचा मूळ दर 150 रुपये होता, तो दरवर्षी वाढतो. सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता असेल तर मात्र तो नाकारता येतो, आणि हे बहुतेकांना खिडकीवर गेल्यावर कळतं.

आखूड रस्त्याचा टोल लांबीच्या मानाने जास्त का, हेही नेहमी विचारलं जातं. उड्डाणपूल, मोठा पूल, बोगदा यांची लांबी दहापट धरतात. 20 किमीत 4 किमी पूल असेल तर 16 अधिक 40, म्हणजे हिशेब 56 किमीचा. जुलै 2025 पासून एकूण लांबीच्या पाचपट ही कमाल मर्यादा आली, पण इथे पाचपट म्हणजे 100, म्हणून 56 च लागू. पूल-बोगद्यांचं बांधकाम एकूण लांबीच्या साधारण 44 टक्क्यांवर गेलं तरच त्या मर्यादेचा फायदा.

गोदाम_उरण:
काना खरंच तपासला, एका प्रतीत "रा.मा. 4ब" आहे. साखळी काढायची कशी? समोर मैलाचा दगड नाही.

साखळी_क्रमांक:
किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर 200 मीटरवर छोटे दगड असतात, त्यांवर 2, 4, 6, 8. रुंदीकरणात बरेच गाडले गेलेत, तेव्हा शाबूत असलेल्या जवळच्या मोठ्या दगडापासून टेपने मोजा. त्या दगडाचा माथा पिवळा आहे ना बघा, हिरवा असेल तर तो राज्य मार्गाचा. आणि "रा.मा. 4ब" असलेली प्रत जोडायचीच झाली तर सोबत मूळ नोटीसही लावा.